ई-पुस्तक आणि हवी तेवढीच छपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी पुस्तकांची मांडणी करून ती छापखान्यापर्यंत नेणाऱ्यांना जे प्रश्न फोनवर, प्रकाशन समारंभानंतरच्या चहाला आणि कधी लोकलमध्ये उभ्या-उभ्या विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना लेखक आणि लहान प्रकाशक डोळ्यांपुढे आहेत. मोठ्या प्रकाशनसंस्थांकडे हिशेबनीसही असतो आणि वकीलही.

छापील पुस्तक आता संपणार का?

नाही. ई-पुस्तकं वाचायचं अ‍ॅमेझॉनचं यंत्र, किंडल, नोव्हेंबर २००७ मध्ये आलं, तेव्हापासून हे भाकीत दर थोड्या वर्षांनी नव्याने केलं जातं. संपत चाललाय तो एक रिवाज : हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती एकदम काढायची, गठ्ठे गोदामात टाकायचे आणि पुढची पाच-सात वर्षं ते विकत बसायचं. मुंबईतला चौरस फुटाचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. प्रकाशकाने गोदाम भिवंडीकडे हलवलं, पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या लेखकाने गठ्ठे पलंगाखाली सरकवले. वाळवीला दोन्ही पत्ते सापडतात.

‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणजे नेमकं काय?

छपाईची फाइल तयार ठेवायची आणि मागणी येईल तशी प्रत काढायची. ऑफसेटला, म्हणजे मोठ्या आवृत्तीच्या नेहमीच्या छपाईला, प्लेट लागते, मशीन लावायला वेळ जातो, शाई जुळेपर्यंत कागद वाया जातो. तुम्ही शंभर प्रती काढा की हजार, हा खर्च तेवढाच. डिजिटल मशीनला प्लेट नाही, त्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास एकाच भावात पडते.

पण दादर-लोअर परळच्या पट्ट्यात कोणी ‘पीओडी करून देतो’ म्हणालं, तर आधी विचारा : कुठलं? एकाच नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. पहिल्यात पन्नास ते दोनशे प्रती एकदम छापून गठ्ठा तुमच्या दारात येतो; ही खरं तर लहान आवृत्तीच. दुसऱ्यात ग्राहकाने ऑनलाइन पैसे भरले की एकच प्रत छापली जाते, बांधली जाते आणि थेट त्याच्या पत्त्यावर जाते. तुम्हाला फक्त हिशेब येतो. अमेरिकेत इन्ग्राम या वितरक कंपनीने १९९७ च्या सुमारास हे काम सुरू केलं. आपल्याकडे मुंबईच्याच रेप्रो इंडियाने भिवंडीत तशी यंत्रणा उभी केली आणि इन्ग्रामशी हातमिळवणी केली. बंगळुरूची पोथी डॉट कॉम आणि चेन्नईची नोशन प्रेस लेखकांना थेट सेवा देतात.

दुसऱ्या प्रकारात एक खोच आहे. प्रत तुमच्या हाताखालून जात नाही. मुखपृष्ठ तिरपं कापलं गेलं, मधली आठ पानं उलटी लागली, तर ते पहिल्यांदा वाचकालाच दिसतं. म्हणून विक्री सुरू करण्याआधी एक प्रत स्वतःच्या नावाने, नेहमीच्या ग्राहकासारखी मागवा. कंपनी पाठवते त्या खास नमुना-प्रतीवर जाऊ नका.

पुस्तकाच्या दुकानातच मशीन ठेवून, ग्राहक उभा असताना पुस्तक छापून देता येईल का?

हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकी प्रकाशक जेसन एपस्टाइन यांच्या पुढाकाराने ‘एस्प्रेसो बुक मशीन’ नावाचं यंत्र आलं. २००७ मध्ये ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत बसवलं गेलं, पुढे काही दुकानांतही गेलं. काही मिनिटांत छापून, डिंक लावून, कापून पुस्तक बाहेर पडायचं. बघायला गर्दी व्हायची, पण यंत्र फार पसरलं नाही. ते महाग होतं, सांभाळायला माणूस लागायचा आणि मुळात प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या फाइली त्यात द्यायला हव्या होत्या. आपल्याकडच्या दुकानांत यंत्र ठेवायचं तर आधी दोन कपाटं बाहेर काढावी लागतील. एका मोठ्या छापखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी प्रत येत असेल, तर दुकानात यंत्र हवं कशाला?

किती प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते?

सरधोपट उत्तर : तीनशेच्या आत डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट, मध्ये दोन्हीकडून भाव मागवा. हिशेब स्वतः करून पाहणं जास्त चांगलं. पुढचे आकडे निव्वळ समजण्यापुरते आहेत, बाजारभाव नव्हेत.

समजा डेमी आकाराचं, १६० पानांचं, एकरंगी पुस्तक आहे.  डिजिटलला प्रतीमागे ११० रुपये पडतात. ऑफसेटला प्लेटा आणि मशीन लावण्याचे मिळून १८ हजार, शिवाय प्रतीमागे कागद, छपाई, बांधणीचे ५० रुपये. फरक प्रतीमागे ६० रुपयांचा. १८ हजारांना ६० ने भागा : ३०० प्रतींवर दोन्ही पारडी सारखी.

आता यातली गफलत. हा हिशेब सगळ्या प्रती विकल्या जातील असं धरून चालतो. पाचशे छापल्या आणि दोनशे विकल्या, तर ऑफसेटचा एकूण खर्च ४३ हजार आणि विकलेली प्रत २१५ रुपयांना पडली. उरलेल्या तीनशेंची जागा आणि दर पावसाळ्यातली निगा वेगळीच. तेव्हा छापखान्याला भाव विचारण्याआधी स्वतःला विचारा की पहिल्या वर्षात खरोखर किती जातील. समारंभाला आलेले सगळे विकत घेणार, असं धरू नका. निम्म्यांना तुम्ही सप्रेम भेट देणार आहात.

मग मागणीनुसार छापलेलं पुस्तक इतकं महाग का दिसतं?

वरचंच पुस्तक घ्या. छापील किंमत २५० रुपये ठेवली. ऑनलाइन दुकानदार किंवा वितरक ४५ टक्के सूट मागतो, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे गेले. उरले १३७.५०. छपाईचे ११० वजा करा : २७.५०. लेखकाला दहा टक्के मानधन द्यायचं तर २५ रुपये. प्रकाशकाच्या हातात अडीच रुपये. त्यातून मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं बिल.

म्हणून प्रकाशक किंमत ३५० वर नेतो आणि वाचक म्हणतो, १६० पानांना ३५०? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. यातून निघायचा मार्ग म्हणजे थेट विक्री : मधली सूट वाचली तर २५० रुपयांतही भागतं. मराठीत ओळखीपाळखीच्या जाळ्यावर, संमेलनाच्या मांडवात आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत जी विक्री होते तिला कमी लेखू नका. लहान प्रकाशकाचं घर तिच्यावरच चालतं.

डिजिटल छपाई कळते का हो बघून?

मजकुराची पानं असतील तर नव्वद टक्के वाचकांना कळत नाही. टोनरवर, म्हणजे डिजिटल मशीनच्या कोरड्या शाईवर, छापलेल्या अक्षराला उजेडात हलकी चकाकी दिसते, बोट फिरवलं तर किंचित उठाव लागतो. ठोस काळे पट्टे आणि जुने कृष्णधवल फोटो यांत मात्र फरक दिसतो. फोटोंचं पुस्तक असेल तर नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

खरी गोम छपाईपेक्षा कागद आणि बांधणीत आहे. कागदातल्या धाग्यांना उभा-आडवा कल असतो. तो पुस्तकाच्या कण्याला, म्हणजे पानं जिथे बांधली जातात त्या कडेला, समांतर हवा. छोट्या डिजिटल दुकानात हातात येईल तो ए-थ्री कागद घालतात, कल आडवा पडतो, आणि मग पुस्तक उघडल्यावर दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं; जुलै महिन्यात पानांना लाटा येतात त्या वेगळ्या. तपासायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या घडीची रेघ कण्याच्या दिशेने असायला हवी.

मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळतं हीही मुंबईची खास तक्रार. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. आतली उघडी बाजू दमट हवा शोषून फुगते आणि पुठ्ठा उलटा कलतो. थोडं जाड आर्ट कार्ड घ्या, आणि बांधणीनंतर गठ्ठा एक दिवस वजनाखाली ठेवायला सांगा. छापखानेवाला कुरकुर करेल. करू द्या.

कण्याची जाडीही आधी काढा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदाची दोनशे पानं, म्हणजे शंभर पत्रं, साधारण ९ ते १० मिलिमीटर भरतात. कागद बदलला की जाडी बदलते, आणि कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर येतं.

ई-पुस्तक म्हणजे पीडीएफच ना?

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. पान मोबाइलवर बोटांनी ओढत-ताणत वाचायचं. खरं ई-पुस्तक ईपब या प्रकारात असतं : अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पुन्हा रचल्या जातात, टिपेवर बोट ठेवलं की टीप उघडते. हे मानक २००७ पासून आहे, आणि किंडलसाठीही हीच फाइल चढवता येते.

मराठीची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. आपली कित्येक पुस्तकं अजून पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटांत अडकली आहेत. त्या फाइलीत ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच रोमन अक्षर असतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय पद्धतीत, आणल्याशिवाय त्यातून ई-पुस्तक होत नाही. परिवर्तक मिळतात, काम पटकन होतं, आणि नंतर महिनाभर निस्तरावं लागतं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर पुढे सरकतो. ‘दुसऱ्या’मधला र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण वाचक पुस्तकात तो शब्द शोधायला गेला तर निम्म्या जागा सापडतच नाहीत. म्हणून ठरवून एकच पद्धत ठेवा, आणि परिवर्तनानंतर संपूर्ण मुद्रितशोधन पुन्हा करा. ‘एकदा झालंय की’ ही बचत इथे चालत नाही.

आणखी एक बारकावा, जो बाहेरच्या एजन्सीला हमखास माहीत नसतो. आपले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं वळण ठरवून दिलं. ईपबच्या फाइलीत भाषा मराठी आहे असं नोंदवलं, आणि फाँटात ती सोय असली, की ही वळणं आपसूक येतात. फाइल हिंदी म्हणून नोंदली गेली असेल तर पुस्तकभर हिंदी वळणाचा ल. फाँट पुस्तकात घालायचा तर त्याचा परवाना बघा. मुंबईच्याच एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका हे खुल्या परवान्याचे आहेत, बिनधोक वापरा.

एवढी उस्तवार कशासाठी? वाचणारे किती आहेत?

आकड्यापेक्षा कोण वाचतं ते पाहा. परदेशातली मुलं-नातवंडं, लोकलमध्ये एका हाताने दांडा धरलेले, आणि साठीनंतर बारीक टाइप वाचता न येणारे. शिवाय अंध वाचक. युनिकोडमधलं ईपब मोबाइल वाचून दाखवू शकतो. जुन्या फाँटातली पीडीएफ त्या वाचकाला निरर्थक रोमन अक्षरं म्हणून ऐकू येते. २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी सुगम प्रती करायला परवानगीची अट काढून टाकली आहे. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. नीट केलेली फाइल असेल तर तिथे पोचायला अडथळा राहत नाही.

किंडलवर मराठी पुस्तक टाकता येतं का? मानधन किती?

येतं. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषा घेतल्या. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत नव्वद दिवसांसाठी नाव घालावं लागतं, आणि त्या नव्वद दिवसांत तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. छापील आवृत्तीला ही अट नाही. मराठी वाचक बुकगंगा या ऑनलाइन दुकानावरही आहे आणि गूगल प्लेवरही, तेव्हा पहिल्या फटक्यात ७० टक्क्यांना भुलू नका.

विकत घेतलेलं ई-पुस्तक माझं असतं का?

बहुतेक ठिकाणी तुम्ही वाचायचा परवाना घेता. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, पैसे परत केले, पण पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची जुनी वाटही अ‍ॅमेझॉनने बंद केली. पुन्हा पुन्हा वाचायचं पुस्तक छापील घ्या, किंवा जो प्रकाशक नक्कल-बंदीचं कुलूप न लावता ईपब देतो त्याच्याकडून घ्या. प्रकाशकांनीही कुलुपाचा आग्रह सोडावा असं आमचं मत आहे. त्याचा त्रास पैसे देणाऱ्याला होतो, चोराला होत नाही.

कर?

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २७ जुलै २०१८ पासून ५ टक्के, पण छापील आवृत्ती असेल तरच. फक्त डिजिटल असेल तर ही सवलत मिळत नाही. थोडक्यात, छापील प्रत अस्तित्वात ठेवायला हेही एक कारण आहे.

आयएसबीएनसाठी किती पैसे लागतात?

शून्य. पुस्तकाचा हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून कोणी हजारो रुपये लावले तर ते त्याच्या मेहनतीचे असतील, सरकारचे नाहीत. छापील आणि ईपब यांना वेगळे क्रमांक लागतात. नुसतं पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो. स्वयंप्रकाशनाच्या कंपनीने आपल्या खात्यातला क्रमांक दिला तर जगभरच्या नोंदीत प्रकाशक म्हणून तीच कंपनी दिसते. उद्या तिला सोडून गेलात तर नवा क्रमांक घ्यावा लागेल.

करारात ‘पुस्तक बाजारात उपलब्ध असेपर्यंत हक्क प्रकाशकाकडे’ असं आहे. सही करू?

थांबा. या सगळ्या बदलात लेखकाचं सर्वांत मोठं नुकसान होण्याची जागा हीच आहे.

पूर्वी आवृत्ती संपायची. प्रकाशकाने ठरावीक मुदतीत नवी काढली नाही, की हक्क लेखकाकडे परत. ‘उपलब्ध असेपर्यंत’ या शब्दांना तेव्हा अर्थ होता, कारण गोदाम रिकामं होत असे. आता फाइल एकदा भिवंडीच्या सर्व्हरवर चढली की पुस्तक कायमचं उपलब्ध. वर्षात एक प्रत विकली गेली तरी उपलब्ध. प्रकाशकाने जाहिरात केली नाही, फोन उचलला नाही, तरी उपलब्ध. हक्क परत येण्याचा दिवस उगवतच नाही.

त्यामुळे मुदत उपलब्धतेला न बांधता विक्रीला बांधा. ‘सलग बारा महिन्यांत छापील आणि ई मिळून अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली, तर लेखकाने पत्र दिल्यापासून नव्वद दिवसांत सर्व हक्क परत.’ अमुक म्हणजे किती ते भांडून ठरवा; कवितासंग्रहाला पंचवीस चालतील, कादंबरीला नाही. शिवाय वर्षं लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो.

छापील, ई-पुस्तक, श्राव्य आणि भाषांतर यांना वेगवेगळी कलमं ठेवा. ‘सर्व प्रकारचे, ज्ञात-अज्ञात माध्यमांतील हक्क’ हे वाक्य दिसलं की पेन खाली. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं ते स्पष्ट नाव घेतल्याशिवाय करारात येत नाही, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातली आहे. त्याआधीच्या करारांबाबत वकिलाचा सल्ला घ्या.

शेवटचं, जे कोणीच मागत नाही : फाइल. हक्क परत मिळाले आणि हातात फक्त छापील प्रत असेल, तर पुन्हा टंकनापासून सुरुवात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल, फाँटांची यादी, ईपब आणि मुखपृष्ठाची थरांसह फाइल लेखकाला मिळेल, असं करारात घाला. अक्षरजुळणीचे पैसे तुम्ही दिले असतील तर ती प्रकाशनाच्या दिवशीच मागा आणि दोन ठिकाणी ठेवा. ज्या संगणकावर ती आहे तो डीटीपीवाला उद्या दुकान बंद करून गावाला गेला, हे या शहरात रोज घडतं.

वडिलांचं पुस्तक १९७८ साली निघालं, आता मिळत नाही. आम्ही भावंडं ते पुन्हा काढू शकतो?

बहुधा हो. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात आणि वारसांकडे येतात. आधी घरातले जुने कागद काढा. त्या काळात मराठीत बरेचदा ‘या आवृत्तीपुरती परवानगी’ असं एका पानाचं पत्र असे, कधी तेही नसे. सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्या. पुस्तकापेक्षा भाऊबंदकी जास्त काळ टिकते. मुखपृष्ठावरचं चित्र आणि प्रस्तावना वेगळ्या माणसांची असेल तर तेवढे हक्क वेगळे. वडिलांच्याच पुस्तकांसाठी मागणीनुसार छपाई खरी कामाची आहे : साठ प्रती नातेवाइकांना, पुढे वर्षाला चार-पाच, आणि पुस्तक जिवंत.

फार जुनी, दुर्मीळ पुस्तकं कोणीही छापू शकतं?

साठ वर्षं उलटल्यावर, पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झालं. त्यांची पुस्तकं इतक्या वेगवेगळ्या प्रकाशकांची का दिसतात, त्याचं एक कारण हे. पण मागाहून कोणी लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मुक्त नसतात. स्कॅनची पानं जशीच्या तशी छापून विकणारे परदेशी विक्रेते ऑनलाइन भरपूर आहेत. डाग, तिरप्या ओळी, वाचनालयाचा शिक्का, सगळं छापलेलं असतं. असं पुस्तक घेण्याआधी राज्य मराठी विकास संस्था किंवा साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं का ते पाहा.

ग्रंथालयं ई-पुस्तकं घेतील का?

इतक्यात तरी नाही. राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ११ हजारांहून जास्त ग्रंथालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गांतली. त्यांचं अनुदान, दप्तर, तपासणी सगळं दाखल क्रमांक असलेल्या छापील ग्रंथाभोवती फिरतं. मराठी प्रकाशनाचा पाया या खरेदीवर आहे, हे विसरून कोणी ‘आता फक्त डिजिटल’ म्हणत असेल तर त्याने ग्रंथपालाशी बोलावं.

आमच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय!

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात गटाच्या प्रमुखाला सभ्य निरोप पाठवला, सोबत विकत घ्यायचा दुवा दिला, की बरंच थांबतं. कित्येकांना ती चोरी आहे हेच माहीत नसतं. मात्र पुस्तक विकत मिळतच नसेल तर तक्रारीत दम राहत नाही.

एआयने लिहिलेल्या पुस्तकांचा पूर येईल का?

आलाच आहे. सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅमेझॉन मजकूर यंत्राने तयार केला का ते प्रकाशकाला विचारतं, आणि एका दिवसात किती पुस्तकं चढवायची यावरही त्याने मर्यादा घातली. छापायचा खर्चच शून्य झाला की हे होणारच. संपादकाचं नाव पुस्तकात छापा. वाचक पुढे तेच बघणार आहे.

एकेक प्रत पोस्टाने पाठवायची तर खर्च फार येतो.

पोस्टाने पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांची पंचाईत झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये. कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकं चालतात, जाहिरातीचा माल नाही. सेवा जमिनीवरून जाणारी आहे, त्यामुळे वेळ लागतो. ग्राहकाला आधी सांगून ठेवा.

सरकारला प्रती द्याव्या लागतात का?

हो. ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्याने प्रकाशनापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. मुंबईची प्रत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला, टाउन हॉलच्या पत्त्यावर. पन्नास प्रतींच्या आवृत्तीलाही हे लागू आहे. दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये अधिक पुस्तकाची किंमत, त्यामुळे कोणी घाबरत नाही. पण तुमचं पुस्तक शंभर वर्षांनी सापडायची सर्वांत भरवशाची जागा तीच. पोच मागून घ्या. मजकूर न बदलता पुन्हा छापलेल्या आवृत्तीच्या प्रती परत पाठवाव्या लागत नाहीत, आणि पहिल्या पाठवल्या होत्या याला पुरावा म्हणून तेवढाच कागद असतो.